वाचकांचे प्रश्न : बाजाराकडे निघालेल्या देशांतील मध्यवर्ती बँका

१९८९ नंतर पूर्व युरोपातील आणि १९९१ नंतर सोव्हिएत संघातून वेगळ्या झालेल्या देशांनी सरकारी नियोजन सोडून बाजारव्यवस्थेची वाट धरली. या स्थित्यंतरात मध्यवर्ती बँकांनी काय केले, काय करायला हवे होते आणि काय त्यांच्या हाती नव्हतेच, याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी सात प्रश्न येथे घेतले आहेत. सर्व उत्तरे सारख्या लांबीची नाहीत, कारण सर्व प्रश्नांचा आवाका सारखा नाही.

प्रश्न : समाजवादी देशांत सरकारी बँक आधीपासूनच होती आणि चलनही तीच काढत असे. मग बाजारव्यवस्थेकडे जाताना मध्यवर्ती बँक नव्याने उभारावी लागली, असे का म्हणतात?

उत्तर : बहुतेक ठिकाणी इमारत आणि कर्मचारी तेच राहिले, काम मात्र मुळापासून बदलले. सोव्हिएत संघातील गोसबँक ही एकच संस्था चलन काढत असे, कारखान्यांची खाती सांभाळत असे, त्यांना कर्जे देत असे आणि त्यांचे व्यवहार योजनेप्रमाणे चालले आहेत की नाहीत यावर नजरही ठेवत असे. पैशाचे दोन वेगळे प्रवाह होते. मजुरी आणि घरगुती खर्च रोखीने चाले. कारखान्यांमधील देवाणघेवाण केवळ खात्यांवरील नोंदींनी होई, आणि नोंदीतला पैसा परवानगीशिवाय रोखीत बदलता येत नसे. पोलाद कोणत्या कारखान्याला किती जायचे हे नियोजनकर्ते ठरवीत आणि पैसा त्या निर्णयाच्या मागून जाई. अशा व्यवस्थेत व्याजदराला फारसा अर्थ नव्हता. कर्ज बुडाले तर काय, हा प्रश्नही खऱ्या अर्थाने उद्भवत नसे, कारण देणारा आणि घेणारा दोघांचाही मालक राज्यच होते.

बाजारव्यवस्थेत हाच क्रम उलटतो. ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याकडे माल जातो, म्हणून पैसा किती निर्माण होतो आणि कोणाच्या हाती पडतो याला एकाएकी निर्णायक महत्त्व येते. त्यासाठी पहिली पायरी म्हणजे एकाच बँकेची दोन स्तरांत विभागणी : वर चलन आणि पत सांभाळणारी मध्यवर्ती बँक, खाली कर्ज देणाऱ्या व्यापारी बँका. हंगेरीने १ जानेवारी १९८७ पासून ही विभागणी केली. सोव्हिएत संघात १९८८ मध्ये उद्योग, शेती, गृहनिर्माण, बचत आणि परकीय व्यवहार यांसाठी पाच विशेष बँका वेगळ्या काढण्यात आल्या. पोलंडमध्ये १९८९ मध्ये राष्ट्रीय बँकेच्या शाखांतून नऊ प्रादेशिक व्यापारी बँका जन्माला आल्या.

विभागणीचा आदेश काढणे सोपे होते. पण नव्या बँकांतील कर्मचारी जमाखर्च लिहिण्यात तरबेज होते. समोर आलेला कर्जदार पैसे फेडू शकेल का हे तपासण्याचा अनुभव त्यांच्यापैकी जवळजवळ कोणालाच नव्हता. त्यांच्या वाट्याला जुन्या सरकारी कारखान्यांची कर्जे आली आणि त्यांतील बरीचशी कधीच वसूल होणार नव्हती. मध्यवर्ती बँकेकडेही नव्या कामाची साधने नव्हती. सरकारी रोख्यांचा बाजार नव्हता, बँकांनी एकमेकींना अल्पमुदतीने उसने देण्याचा बाजार नव्हता, आणि एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पोहोचण्यास रशियात १९९२ मध्ये कित्येक आठवडे लागत. व्याजदर बदलला की त्याचा परिणाम बँकांमार्फत साऱ्या अर्थव्यवस्थेवर होतो, असे पाठ्यपुस्तके सांगतात. पण परिणाम वाहून नेणाऱ्या वाहिन्याच अस्तित्वात नसतील तर दर बदलून काय होणार? म्हणून सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येक बँकेला कर्जाची कमाल मर्यादा आखून देणे, ठेवींचा मोठा हिस्सा राखीव ठेवायला लावणे अशा ओबडधोबड साधनांवरच भागवावे लागले. त्या काळातील मध्यवर्ती बँकांना आज नावे ठेवताना ही परिस्थिती विसरली जाते, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : किमती मोकळ्या केल्याबरोबर रशिया, पोलंड, युक्रेन येथे भाव प्रचंड वाढले. हा बाजारव्यवस्थेचा दोष होता की मध्यवर्ती बँकेचा?

उत्तर : येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. एक म्हणजे भावांनी एकदाच घेतलेली मोठी उडी. दुसरी म्हणजे त्यानंतर महिनोन्‌महिने चालू राहिलेली भाववाढ.

पहिल्या उडीचे कारण आधीच्या काळात साठलेले होते. सरकारी किमती बांधलेल्या, मजुरी वाढत गेलेली आणि दुकानात माल नाही, अशा स्थितीत लोकांकडे खर्च न झालेला पैसा साचत जातो. जानेवारी १९९१ मध्ये सोव्हिएत सरकारने ५० आणि १०० रुबलच्या नोटा अवघ्या तीन दिवसांच्या मुदतीत रद्द करून हा साठा कमी करण्याचा प्रयत्न केला. त्यातून फारसे काही साधले नाही; लोकांचा उरलासुरला विश्वास मात्र गेला. किमती मोकळ्या होताच हा साचलेला पैसा बाहेर आला. पोलंडमध्ये जानेवारी १९९० या एका महिन्यात भाव सुमारे ८० टक्क्यांनी वाढले. रशियात जानेवारी १९९२ मध्ये ते साडेतीन पटींच्या आसपास गेले. ही उडी कोणतीही मध्यवर्ती बँक थोपवू शकली नसती.

त्यानंतर काय झाले, यात मात्र बँकेचा वाटा स्पष्ट दिसतो. पोलंडच्या राष्ट्रीय बँकेने त्याच जानेवारीत पुनर्वित्ताचा दर, म्हणजे ती इतर बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, महिन्याला ३६ टक्के इतका वर नेला, सरकारने कारखान्यांची अनुदाने कापली आणि सरकारी उद्योगांतील मजुरीवाढीवर जबर कर बसवला. मार्चमध्ये मासिक भाववाढ पाच टक्क्यांच्या आत आली. महागाई पूर्ण उतरायला त्यानंतरही अनेक वर्षे लागली, पण भावांनी पुन्हा तसे उधाण घेतले नाही.

रशियातही १९९२ च्या उन्हाळ्यापर्यंत मासिक भाववाढ दहा टक्क्यांच्या आसपास उतरली होती. मग ती पुन्हा का चढली? कारखान्यांनी एकमेकांची देणी देणे थांबवले होते. ज्याचा माल कोणी विकत घेत नव्हते तोही माल पाठवत राहिला, बिल थकले, आणि त्या थकबाकीच्या आधारावर तो स्वतःच्या पुरवठादाराला पैसे देईनासा झाला. थकबाकीची ही साखळी साऱ्या देशभर पसरली. जुलै १९९२ मध्ये व्हिक्टर गेराशेंको यांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सूत्रे हाती घेतली आणि कारखाने बंद पडू नयेत म्हणून कर्जाचे दरवाजे उघडले. बँकेचा दर तेव्हा वर्षाला ८० टक्के होता. हा आकडा मोठा वाटतो; पण १९९२ मध्ये भाव वर्षभरात सुमारे २६ पटींनी वाढले, हे लक्षात घेतले तर कर्ज घेणाऱ्याला जवळजवळ फुकटच पैसा मिळत होता. ज्याला हे कर्ज मिळाले तो तरला आणि ज्याची आयुष्यभराची बचत बँकेत होती तो बुडाला. निवृत्त लोकांनी वर्षानुवर्षे साठवलेल्या ठेवी काही महिन्यांत कवडीमोलाच्या झाल्या. या अन्यायाबद्दल तटस्थपणे लिहिणे मला जमत नाही.

तरीही एका माणसाला दोषी ठरवून हा विषय संपत नाही. त्या वेळी रशियात बेकारीभत्त्याची व्यवस्था जेमतेम उभी राहत होती. घरे, दवाखाने, पाळणाघरे ही सारी कारखान्यांच्याच ताब्यात होती. कारखाना बंद म्हणजे अख्खे गाव बंद. दिवाळे काढण्याचा कायदा होता, पण तो राबवणारी न्यायव्यवस्था नव्हती. ‘कर्ज देऊ नका’ असे बँकेला सांगणारे पुष्कळ होते. ‘मग त्या गावाचे काय करायचे’ याचे उत्तर कोणत्याच खात्याकडे नव्हते. हेच गेराशेंको १९९८ च्या पडझडीनंतर पुन्हा त्याच पदावर आले आणि त्यांच्याच कारकिर्दीत महागाई १९९८ मधील ८४ टक्क्यांवरून २००० मध्ये सुमारे २० टक्क्यांवर आली. माणूस तोच होता. पण या खेपेला तेलाच्या वाढत्या किमतींमुळे सरकारी तिजोरीत शिल्लक होती आणि बँकेकडे हात पसरण्याची सरकारला गरज उरली नव्हती. मध्यवर्ती बँकेला नकार देता येणे, हे मी स्थित्यंतरातील तिचे सर्वांत महत्त्वाचे काम मानतो. आणि ती नकार देऊ शकते की नाही हे बव्हंशी तिच्या बाहेर ठरते.

युक्रेनची गोष्ट आणखी कठीण आहे आणि तिची मुळे रुबल-क्षेत्रात आहेत. सोव्हिएत संघ संपला, पण रुबल काही काळ पंधरा देशांचे सामाईक चलन राहिला. नोटा फक्त रशिया छापत होता. खात्यांवरील कर्ज मात्र प्रत्येक देशाची मध्यवर्ती बँक आपापल्या मर्जीने देऊ शकत होती. जो देश जास्त कर्ज वाटेल त्याला माल आज मिळे आणि त्याची महागाई सर्वांमध्ये वाटली जाई. संयम पाळणाऱ्याचे नुकसान आणि उधळणाऱ्याचा फायदा, अशी ही रचना होती. जुलै १९९२ पासून रशियाने प्रत्येक देशाचा हिशेब वेगळा ठेवायला सुरुवात केली आणि जुलै १९९३ मध्ये जुन्या सोव्हिएत नोटा बाद केल्या. युक्रेनने तोवर कार्बोव्हानेट्स हे स्वतःचे हंगामी चलन काढले होते, परंतु तूट भरून काढण्यासाठी नोटांवरच भिस्त ठेवली. १९९३ मध्ये तेथील महागाई १०,००० टक्क्यांच्या पुढे गेली. सप्टेंबर १९९६ मध्ये रिव्निया हे नवे चलन आले तेव्हा जुनी १,००,००० कार्बोव्हानेट्स देऊन एक रिव्निया मिळत असे. ते चलन टिकले, कारण त्याआधीच्या दोन वर्षांत बँकेने सरकारला दिलेले कर्ज आवरले गेले होते.

प्रश्न : एस्टोनियाने आपले चलन जर्मन मार्कला बांधून टाकले. मध्यवर्ती बँकेने स्वतःचे अधिकार असे सोडून देणे शहाणपणाचे होते काय?

उत्तर : एस्टोनियाच्या बाबतीत होते, असे माझे मत आहे, मात्र त्याची किंमत होती. २० जून १९९२ रोजी एस्टोनियाने रुबल सोडून क्रून हे स्वतःचे चलन आणले. प्रत्येक रहिवाशाला १,५०० रुबलपर्यंत रक्कम दहा रुबलला एक क्रून या दराने बदलून मिळाली आणि आठ क्रून म्हणजे एक मार्क असा दर कायद्याने ठरला. या रचनेला चलन मंडळ म्हणतात. चलनात असलेल्या प्रत्येक क्रूनमागे तेवढ्या मूल्याचे सोने किंवा परकीय चलन बँकेकडे असलेच पाहिजे, अशी अट होती. सुरुवातीची गंगाजळी म्हणून महायुद्धापूर्वी पश्चिमेकडील बँकांत ठेवलेले आणि स्वातंत्र्यानंतर परत मिळालेले सोने कामी आले. क्रूनचे अवमूल्यन करण्याचा अधिकार बँकेला ठेवला नव्हता. तो फक्त संसदेला होता. परिणामी सरकारला कर्ज देण्याची बँकेला मुभाच उरली नाही.

नवख्या देशात, जेथे बँकेच्या शब्दावर लोकांनी विश्वास ठेवावा असे तिच्या हातून अजून काहीच घडलेले नव्हते, तेथे उसना घेतलेला हा विश्वास मोलाचा ठरला. लिथुआनियाने एप्रिल १९९४ मध्ये चार लितास म्हणजे एक डॉलर या दराने हीच पद्धत स्वीकारली. बल्गेरिया तिच्याकडे वळला तो मोठी किंमत मोजल्यावर. तेथे १९९६ मध्ये बँका कोसळू लागल्या, मध्यवर्ती बँकेने त्यांना वाचवण्यासाठी पैसा ओतला, तोच पैसा लोकांनी डॉलर घेण्यासाठी वापरला, आणि फेब्रुवारी १९९७ या एका महिन्यात भाव तिपटीहून अधिक झाले. १ जुलै १९९७ पासून हजार लेव्हा म्हणजे एक मार्क असा दर बांधला गेल्यावर ही वावटळ थांबली.

आता किमतीचा भाग. चलन मंडळ असलेली बँक अडचणीतल्या बँकेला हवा तेवढा पैसा देऊ शकत नाही. एस्टोनियात १९९२ च्या अखेरीस तीन मोठ्या बँकांचे व्यवहार गोठवावे लागले आणि त्यांपैकी तार्तू व्यापारी बँक कायमची बंद झाली. सरकारने आणि बँकेने ती वाचवली नाही, ही गोष्ट तेथील बाकी बँकांच्या चांगलीच लक्षात राहिली. शिवाय महागाई लगेच शून्यावर येते असेही नाही. एस्टोनियात १९९३ मध्येही ती ९० टक्क्यांच्या आसपास होती, कारण ठरवलेला दर मुद्दाम स्वस्त ठेवलेला होता आणि स्थानिक किमती हळूहळू पश्चिमेकडील किमतींच्या जवळ जात होत्या.

सर्वांना ही पद्धत लागत नव्हती. स्लोव्हेनियाने ऑक्टोबर १९९१ मध्ये टोलार हे चलन काढले आणि दर कुठेही न बांधता महागाई उतरवली. पोलंडने आधी स्थिर दर, मग दरमहा ठरलेल्या गतीने होणारे अवमूल्यन, आणि एप्रिल २००० मध्ये पूर्ण मोकळा दर, असा टप्प्याटप्प्याने प्रवास केला. चेक प्रजासत्ताकाने मात्र दर बांधून ठेवला आणि परकीय भांडवल येऊ दिले. मे १९९७ मध्ये कोरुना या तेथील चलनावर सट्टेबाजांचा हल्ला झाला, दर सोडावा लागला, आणि त्यानंतर १९९८ पासून तेथील बँकेने महागाईचे लक्ष्य जाहीर करून धोरण आखण्याची पद्धत स्वीकारली. दर बांधायचाच असेल तर तो सोडायचा केव्हा आणि कसा याचा विचार बांधतानाच करावा लागतो, आणि नेमका तोच विचार अनेकांनी केला नाही.

प्रश्न : लोकांनी निवडून न दिलेल्या अधिकाऱ्यांच्या हाती चलन सोपवणे नव्या लोकशाहीत योग्य आहे काय? स्वायत्ततेचा एवढा आग्रह कशासाठी?

उत्तर : प्रश्न रास्त आहे. स्वायत्तता म्हणजे बँकेला हवे ते करण्याची सूट, असा अर्थ घेतला तर ती लोकशाहीशी जुळणार नाही. उद्दिष्ट संसदेने कायद्याने ठरवायचे आणि ते गाठण्यासाठी कोणता व्याजदर ठेवायचा हे बँकेने ठरवून त्याचा जाहीर जबाब द्यायचा, ही विभागणी असेल तर मला त्यात आक्षेपार्ह काही दिसत नाही. पोलंडच्या १९९७ च्या राज्यघटनेत, अर्थसंकल्पातील तूट मध्यवर्ती बँकेकडून कर्ज घेऊन भरता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. त्याच घटनेने व्याजदर ठरवणारी परिषद निर्माण केली. तिचे सदस्य लोकसभागृह, वरिष्ठ सभागृह आणि राष्ट्राध्यक्ष असे तिघे मिळून सारख्या संख्येने नेमतात. म्हणजे नेमणूक लोकनियुक्तांच्या हाती आहे. रोजच्या निर्णयात त्यांचा हस्तक्षेप नाही.

तथापि कागदावरील स्वायत्तता वेगळी आणि खरी वेगळी. माजी समाजवादी देशांतील अनेकांनी नव्वदच्या दशकात प्रगत देशांनाही मागे टाकतील असे कडक कायदे केले. संशोधकांनी या देशांची तुलना केली तेव्हा आढळले ते असे की, किमती, व्यापार आणि मालकी बऱ्यापैकी मोकळी झाल्यानंतरच कायद्यातील स्वायत्ततेचा महागाई कमी होण्याशी संबंध दिसतो. सुरुवातीच्या काळात तो दिसत नाही. रशियाने १९९५ मध्ये तुटीसाठी बँकेकडून थेट कर्ज घेणे बंद केले. तूट मात्र तशीच राहिली. ती भरून काढण्यासाठी अल्पमुदतीचे सरकारी रोखे विकले जाऊ लागले आणि १९९६ च्या निवडणुकीच्या सुमारास त्यांवरील परतावा वर्षाला शंभर टक्क्यांच्या वर गेला. जुन्या रोख्यांची परतफेड नव्या रोख्यांतून होत होती. मे १९९८ च्या अखेरीस बँकेने रुबल वाचवण्यासाठी आपला दर १५० टक्क्यांवर नेला. १७ ऑगस्ट १९९८ रोजी सरकारने रोख्यांची देणी थांबवली आणि रुबलचा दर सोडून दिला. डॉलरला सहा रुबलच्या आसपास असलेला दर वर्षअखेरीस वीसच्या पुढे गेला. तीन वर्षे बँकेने कायदा पाळला होता, महागाईही उतरवली होती. करवसुली न करू शकणाऱ्या राज्याने ते सारे एका दिवसात पुसून टाकले.

प्रश्न : या देशांत इतक्या बँका का बुडाल्या? मध्यवर्ती बँकेची देखरेख कुठे होती?

उत्तर : हा प्रश्न मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण चलनवाढीवर लिहिणारे पुष्कळ आहेत, बँकेच्या बंद दारासमोर उभ्या राहिलेल्या ठेवीदाराची बाजू मांडणारे कमी.

सुरुवातीला स्पर्धा हवी म्हणून परवाने सढळ हाताने दिले गेले. रशियात नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत बँकांची संख्या २,५०० च्या आसपास पोहोचली होती. भागभांडवलाची अट किरकोळ होती आणि कित्येक बँका एखाद्या कारखान्याने किंवा उद्योगसमूहाने स्वतःला कर्ज मिळावे एवढ्याचसाठी काढलेल्या होत्या. ठेवीदाराचा पैसा मालकाच्या धंद्यात जाई, आणि धंदा बुडाला की ठेवही जाई. तपासणीसाठी पाठवायला प्रशिक्षित निरीक्षक नव्हते. हिशेबाची जुनी पद्धत योजना पाळली की नाही हे दाखवण्यासाठी घडवलेली होती. बुडीत कर्ज तीत बुडीत म्हणून दिसतच नसे. तोट्यातली बँक कागदावर फायद्यात असे आणि त्या फायद्यावर लाभांश वाटून करही भरत असे. लाटव्हियात १९९५ मध्ये देशातील सर्वांत मोठी बँक, बाल्टिया, कोसळली, तेव्हा तिने दिलेले भरमसाट व्याज हेच धोक्याचे चिन्ह होते, हे लोकांना फार उशिरा कळले.

अल्बानियात तर बँका मागेच राहिल्या आणि पैसे दामदुप्पट करून देणाऱ्या साखळी योजना पुढे गेल्या. सरकारी बँकांनी कर्ज देणे जवळजवळ थांबवले होते, परदेशांत राबणारे लोक पैसे पाठवत होते आणि तो पैसा ठेवायला विश्वासाची जागा नव्हती. या योजनांची देणी देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास पोहोचली. मध्यवर्ती बँकेने इशारे दिले, पण या कंपन्या बँका नाहीत म्हणून त्यांवर अधिकार कोणाचा, हाच वाद मिटला नाही. १९९७ च्या सुरुवातीला योजना कोसळल्या, शस्त्रागारे लुटली गेली, सरकार पडले आणि सुमारे २,००० माणसे प्राणास मुकली. नियम अपुरे असले की केवळ पैसाच जातो, असे ज्यांना वाटते त्यांनी अल्बानियाचा हा काळ अवश्य वाचावा.

चांगली उदाहरणेही आहेत. पोलंडने १९९३ मध्ये सरकारी बँकांना भांडवल म्हणून रोखे दिले, पण त्याबरोबर अटही घातली : बुडीत कर्जदारांचा विभाग वेगळा करा आणि ठरलेल्या मुदतीत त्यांच्याशी तडजोड करा, त्यांचे दिवाळे काढा किंवा ते कर्ज विकून टाका, नवे कर्ज मात्र त्यांना देऊ नका. एकदा मदत मिळाली म्हणजे पुन्हा मिळेल, ही आशा त्यामुळे बऱ्याच अंशी तुटली. हंगेरीला बँकांमध्ये एकापेक्षा अधिक वेळा भांडवल ओतावे लागले आणि त्यानंतर तिने बँका परकीय मालकांना विकल्या. दशकाच्या अखेरीस मध्य युरोपातील अनेक देशांत बँकिंगचा मोठा भाग परकीय हाती गेला. त्यातून कर्ज तपासण्याची शिस्त आली हे खरे, पण निर्णय दूरच्या मुख्यालयात होऊ लागले हेही तितकेच खरे. ठेवविम्याचा कायदा रशियात २००३ च्या अखेरीस झाला. पहिल्या ठेवी बुडाल्यानंतर त्याला दहा वर्षांहून अधिक काळ लागावा, हे मला समर्थनीय वाटत नाही.

प्रश्न : चीनने असे धक्के न खाताच बाजारव्यवस्था आणली. तेथे मध्यवर्ती बँकेची भूमिका वेगळी होती का?

उत्तर : वेगळी होती, पण अडचणी ओळखीच्याच होत्या. चिनी जनबँक या तेथील मध्यवर्ती बँकेचे व्यापारी काम १९८४ मध्ये औद्योगिक व व्यापारी बँकेकडे सोपवले गेले. मात्र जनबँकेच्या प्रांतिक शाखा प्रांतिक नेत्यांच्या दबावाखाली राहिल्या आणि स्थानिक प्रकल्पांना कर्ज मिळत गेले. १९९४ मध्ये महागाई २४ टक्क्यांवर गेली. त्याच्या आदल्या वर्षीच उपपंतप्रधान झू रोंगजी यांनी बँकेचे गव्हर्नरपद स्वतःकडे घेऊन कर्जे आवळायला सुरुवात केली होती. १९९५ मध्ये मध्यवर्ती बँकेचा कायदा झाला आणि १९९८ मध्ये प्रांतनिहाय शाखांऐवजी नऊ विभागीय शाखा आल्या, म्हणजे एकेका प्रांताची पकड सैल झाली. स्वायत्तता मात्र चीनने दिली नाही. तेथे नकार द्यायचा की नाही हे मंत्रिपरिषद ठरवते.

प्रश्न : यांपैकी अनेक देशांनी पुढे युरो स्वीकारला. मग एवढ्या कष्टाने उभारलेल्या मध्यवर्ती बँकांचे काम संपले का?

उत्तर : व्याजदर ठरवण्याचे स्वतंत्र काम संपले. स्लोव्हेनिया २००७, स्लोव्हाकिया २००९, एस्टोनिया २०११, लाटव्हिया २०१४ आणि लिथुआनिया २०१५ या क्रमाने हे देश युरोक्षेत्रात गेले. पोलंड, चेक प्रजासत्ताक आणि हंगेरी यांनी आपले चलन राखले. दोन्ही मार्गांची परीक्षा २००८–०९ च्या जागतिक संकटात झाली. पोलंडचे चलन झ्लॉटी युरोच्या तुलनेत काही महिन्यांत सुमारे एक तृतीयांश घसरला, निर्यातीला आधार मिळाला आणि २००९ मध्ये युरोपीय संघात वाढ नोंदवणारा पोलंड हा एकमेव देश ठरला. दर बांधून ठेवलेल्या तिन्ही बाल्टिक देशांचे उत्पादन त्याच वर्षी सुमारे एक सप्तमांशाने आटले. तेथे चलनाऐवजी पगार खाली आणावे लागले. तरीही त्यांनी दर सोडला नाही, कारण घरांची बहुतेक कर्जे परकीय चलनात होती आणि अवमूल्यन झाले असते तर ती फेडणे हजारो कुटुंबांना अशक्य झाले असते. ही कर्जे वाढत असताना त्यांवर मर्यादा घालणे देखरेखीच्या अधिकारात होते आणि ते वेळेत झाले नाही. युरो आल्यानंतरही देशातील लहान बँकांची देखरेख, देयकव्यवस्था, आकडेवारी आणि युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या परिषदेत देशाची बाजू मांडणे ही कामे या बँकांकडेच आहेत.